‘अनलिमिटेड’ची लिमिट

रिचार्ज करताना ‘अनलिमिटेड’ शब्द दिसला की तुम्ही पुढचं वाचता का? वाचाच. बहुतेक प्लॅन्समध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला की स्पीड थेट ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे एक एमबी डाउनलोड व्हायला दोन मिनिटं, पाच एमबीच्या पीडीएफला दहा! आपल्याकडे २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. हा वेग त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाही नाही.

फटका बसतो तो होस्टेलवर, पीजीत हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांना. लॅपटॉप गुपचूप अपडेट ओढतो, तोही त्याच कोट्यातून. आणि असाइनमेंट सबमिट करायच्या वेळी डेटा खल्लास! विंडोज असेल तर त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ सेटिंग लावून टाका.

पण सगळी काळजी आपणच का घ्यायची? एका टॉवरची क्षमता अनेकांत वाटली जाते, त्यामुळे मर्यादा असणार, हे मान्य. मग ‘अनलिमिटेड’ ज्या ठळक टायपात छापता, त्याच टायपात ‘नंतर ६४ केबीपीएस’ही छापा की! तळाशी, चांदणीच्या आड कशाला? मर्यादा सांगून विका, आम्ही तरीही घेऊ. निदान काय घेतोय ते कळेल.