नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!

‘सोसायटीचं काय ते हे बघतात,’ असं आपण बायका किती सहज म्हणून जातो! मेंटेनन्सची पावती, मीटिंगची नोटीस, शेअर सर्टिफिकेट, सगळं ‘ह्यांच्या’ कपाटात. छोट्या गावांतही आता वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली आहेत. पण कागदांची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही. आणि घरातला कर्ता माणूस अचानक गेला की त्याच कागदांवरून बाईची खरी परीक्षा सुरू होते.

एक समज मला घरोघरी दिसतो. ‘फॉर्मवर माझंच नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे फ्लॅट माझाच.’ तसं नसतं, मैत्रिणींनो! पश्चिम बंगालमधल्या एका गृहनिर्माण संस्थेचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वडिलांनी विवाहित मुलीला नॉमिनी केलं होतं. बायको आणि मुलगा वारस होते. २०१६ साली न्यायालयाने सांगितलं, की संस्थेने नॉमिनीचंच नाव लावावं. वारस कोण, हे ठरवणं संस्थेचं काम नाही. पण बायको आणि मुलाला वारसाहक्कासाठी स्वतंत्र दाद मागायची मोकळीक ठेवली. म्हणजे दप्तरात नाव लागणं वेगळं, मालकी वेगळी.

आपल्या महाराष्ट्रातही सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार नॉमिनीला ‘तात्पुरता सदस्य’ म्हणून घेतात, तेही खरे वारस सभासद होईपर्यंतच. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर स्वतःच्या कमाईच्या घरात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा. संसार उभा करणारी बाईसुद्धा त्यातली एक वाटेकरी! मग घरातच फाटाफूट झाली तर?

दुसऱ्या बाजूने, काही कमिट्याही कमी नसतात. ‘आधी कोर्टाचा वारस दाखला आणा’ म्हणून विधवा बाईला खेटे घालायला लावतात. नॉमिनेशन असेल तर तिला तात्पुरती सदस्य करून घ्यायला हवं, हे त्यांना ठणकावून सांगायला हवं. ऐकलं नाही तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि उपनिबंधकांकडे तक्रार करा.

दार चुकलं तर वर्षं वाया जातात. संस्थेच्या कारभाराचे कलम ९१ खालचे वाद सहकार न्यायालयात जातात. निकाल पटला नाही तर दोन महिन्यांत सहकार अपील न्यायालय. वारसांतला मालकीचा तंटा मात्र दिवाणी न्यायालयाचा. त्यापुढे उच्च न्यायालय आहे, पण ते सगळा पुरावा सहसा नव्याने तपासत नाही. खालच्या निकालात कायद्याची चूक झाली का, एवढंच मुख्यतः पाहतं. म्हणून पहिल्याच पायरीवर कागद भक्कम हवेत.

माझं म्हणणं एवढंच, नवरा-बायकोने हे धडधाकट असतानाच बोलावं. खरेदीखतावर आणि शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं घ्यावीत. नॉमिनेशन करावंच, पण सोबत दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्रही करावं. ‘अशुभ कशाला बोलायचं?’ म्हणून आपण गप्प बसतो. पण नवऱ्यामागे स्वतःच्याच घरासाठी बाईला दारोदार फिरावं लागणं, याहून अशुभ ते काय?