चंद्राला साक्षीदार लागतो, अफवेला का नको?

इफ्तारनंतर मगरिबची नमाज होते, चहा येतो आणि आमच्या घरात मोबाइल बाहेर निघतात. परवा आपांनी एक मेसेज वाचून दाखवला : लहान मुलांच्या लसीत काहीतरी मिसळतात, पुढे त्यांना मुलं होत नाहीत. मी म्हणालो, "आपा, पोलिओच्या डोसाबद्दल तुम्ही हेच म्हणायचात. ज्यांना ते डोस पाजले, त्यांचीच पोरं समोर बसून भजी खाताहेत." सगळे हसले, आपाही हसल्या. म्हणाल्या, "तो डोस चांगला असेल रे, हा वेगळा आहे."

अफवेचं सगळं बळ या वाक्यात आहे. पुरावा समोर बसून भजी खातो, तरी ती मरत नाही. फक्त घर बदलते.

आपांना अडाणी म्हणून हे प्रकरण संपत नाही. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. पुढे उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत डोस पाजणाऱ्यांना दारं बंद झाली. लोकांना आणीबाणीतली सक्तीची नसबंदी आठवत होती. गल्लीतलं गटार तुंबलेलं, दवाखान्यात औषध नाही आणि हा डोस मात्र घरपोच, फुकट, पुन्हा पुन्हा! काही मुलांना कित्येक डोस घेऊनही पोलिओ झाला. डॉक्टर सांगत, घाण पाणी आणि सततचे जुलाब यांमुळे डोस पूर्ण लागू पडत नाही, म्हणून तो वारंवार द्यावा लागतो. लोकांनी याचाच उलटा अर्थ काढला. एकदा कटावर विश्वास बसला की खुलासा करणाराही कटातलाच वाटतो.

मग दारं उघडली कशी? इमामांनी मशिदीतून आवाहन केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांनी साथ दिली. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर फिरल्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सांगणारा माणूस बदलला होता.

हा आजार फक्त आमच्या मोहल्ल्यातला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुस्लिम फळ-भाजीवाल्यांविषयी जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरले. आमच्या ओळखीच्या भाजीवाल्याकडून वर्षानुवर्षं भाजी घेणाऱ्या एका शेजाऱ्यांनी ती बंद केली. मी त्यांना तो व्हिडिओ जुना असल्याचं दाखवलं. ते म्हणाले, "हा खोटा असेल, पण बाकीचे?" आपा आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत, वाक्य मात्र एकच.

कारण अशी समजूत ही नुसती माहिती नसते. ती आपल्या माणसांत आपली जागा असते. ती सोडली तर आपलेच लोक काय म्हणतील, ही भीती पुराव्याहून मोठी ठरते. म्हणून बाहेरच्याने खोडलेली अफवा टिकते आणि घरातल्याने खोडलेली ढासळू लागते.

पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूनेच सूर्य काळवंडला. दुःखात असलेल्या बापाला ही गोष्ट किती दिलासा देणारी! गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. अफवा त्यांच्या बाजूची होती आणि ती त्यांनीच खोडली.

आपल्याला हेच जमत नाही. विरोधकाची अफवा आपण भिंग लावून तपासतो आणि आपल्या सोयीची न वाचताच पुढे ढकलतो. मीही ढकलली आहे.

येत्या २९ व्या रोज्याला आपण सगळे गच्चीवर जाऊ. चांद दिसला म्हणून कुणी ओरडलं की आधी विचारू : कुणी पाहिला? कुठे? साक्षीला कोण आहे? साक्ष पटल्याशिवाय ईद होत नाही. मोबाइलवरच्या मेसेजलाही हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि आपल्याच माणसाने पाठवलेल्याला सर्वांत आधी.