‘शेठ, वीस किलोचा नांगर द्या’

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरवाल्याने होडीच्या नांगरावर लिहावं, याचं हसू येईल. समुद्र तर कसारा घाट उतरून पार खाली. पण गंगापूर, मुकणे, दारणा, चणकापूर, गिरणा इथल्या पाण्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, कुठे पिंजऱ्यातली मत्स्यशेती, गंगापूरला बोट क्लब. यांतलं कुणी ना कुणी माझ्या काउंटरवर येतं आणि एकच आकडा सांगतं, ‘शेठ, वीस किलोचा द्या.’

भाव ऐकला की बहुतेक जण परत जातात आणि पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून, वर सळईची कडी बसवून काम भागवतात. त्या वीस किलो सिमेंटचं पाण्यात जेमतेम बारा किलो वजन उरतं. लोखंडाचं सतराच्या वर उरतं, पण खरी गोष्ट वजनाची नाहीच. नांगराचं पातं गाळात रुततं, आणि ओढ आडवी असेल तरच रुतून राहतं. दोर उभा ताणला की तोच नांगर अलगद उचकटून वर येतो. म्हणून खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा आणि नांगराला लागून दोन-तीन मीटर साखळी जोडायची. ती तळाशी पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. सहा मीटर पाण्याला तीस मीटर दोर! हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. मी दोर विकतो ना.

धरणात तर पाणीही एका जागी थांबत नाही. मे महिन्यात मापाने बांधलेला दोर ऑगस्टमध्ये तोकडा पडतो, पाणी चढतं आणि होडीचं नाक खाली ओढलं जातं.

वजनाच्या या नादातून समुद्रावरची माणसं कधीच बाहेर पडली. 1933 साली जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, तळात घुसणारा हलका नांगर काढला. जगभरच्या छोट्या बोटी त्याच्या भरवशावर राहिल्या. आमच्याकडे मात्र नांगर अजून तागडीवर विकला जातो. मुंबईच्या दारुखान्यात जुन्या जहाजांच्या साखळ्या किलोवर मिळतात, त्यातलीच थोडी इकडे येते. कडी झिजलीय का, हे घेणारा पाहत नाही आणि विकणारा सांगत नाही. साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शेकलची, पिन तारेने बांधायची असते, नाहीतर हिसक्यांनी ती फिरून निघते. ही दोन रुपयांची तार आम्ही कुणी बिलात लावत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सुटा नांगर विकूच नये. नांगर, साखळी, दोन शेकल आणि खोली विचारून मोजलेला दोर, असा जोड विकावा. दोरही नायलॉनचा, कारण तो ताण खातो आणि हिसका नांगरापर्यंत जाऊ देत नाही. स्वस्तातला पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो आणि मशीनच्या पंख्यात अडकतो.

दुकानदार आपला माल खपवतोय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. या धंद्यावर माझं घर चालत नाही, ते बिजागऱ्या आणि नळांवर चालतं.

21 मे 2024 ला उजनी धरणात वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जण गेले. नांगर असता तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण इंजिन बंद पडल्यावर, वारा सुटल्यावर होडीचं नाक वाऱ्याकडे धरून ठेवणारं दुसरं साधन माझ्या माहितीत नाही. तेही नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधायचं. मागच्या बाजूला बांधलं तर लाटा सरळ आत येतात. लाईफ जॅकेटवर आपण बोलतो, ते बरोबरच. जॅकेट मात्र माणूस पाण्यात पडल्यावर उपयोगी येतं.

सिंहस्थ तोंडावर आहे, धरणांवर पर्यटक वाढतील. होड्यांची तपासणी करणाऱ्यांनी जॅकेटं मोजतानाच दोराची लांबीही मोजावी. आणि नाशिकमध्येच ‘मेरी’सारखी संस्था आहे, जिथे माती आणि धरणं हाच अभ्यासाचा विषय. आपल्या काळ्या गाळात कोणतं पातं किती ओढ सोसतं, याची चाचणी तिने एकदा घ्यावी. चाचणीत टिकेल तो नांगर अंबड-सातपूरचे फॅब्रिकेटर आठवड्यात बनवून देतील. विकायला मी बसलोच आहे.