मेंदूतील लोह घटले, स्मृती मात्र सावरली नाही
विशेष प्रतिनिधी

अल्झायमरने ग्रासलेल्या मेंदूत लोहाचा साठा वाढलेला आढळतो, हे निरीक्षण जुने आहे. मोकळे लोह पेशीच्या आवरणातील स्निग्धांश जाळते. तेव्हा ते बांधून बाहेर काढले तर स्मृतिनाश रोखता येईल, या तर्काने संशोधकांना दीर्घकाळ भुरळ घातली होती. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने तिला जबर धक्का दिला आहे.

आशेचे मूळ १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील प्रयोगात आहे. ४८ रुग्णांपैकी ज्यांना डेसफेरिऑक्सामाइनची इंजेक्शने दोन वर्षे दिली गेली, त्यांची दैनंदिन कामांची क्षमता इतरांच्या तुलनेत निम्म्या वेगाने घटली. गंमत अशी की, त्या संशोधकांचा रोख लोहावर नव्हे, अ‍ॅल्युमिनियमवर होता! शिवाय तुलनेतील रुग्णांना तशी इंजेक्शने दिलीच गेली नव्हती. त्यामुळे निष्कर्षाचे वजन मर्यादितच राहिले.

ऑस्ट्रेलियातील चाचणीची आखणी अधिक काटेकोर होती. ८१ रुग्णांपैकी ५३ जणांना वर्षभर डेफेरिप्रोन, उरलेल्यांना औषधविरहित गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही अज्ञात. २०२४ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातील लोह खरोखरच उतरले, परंतु औषध घेणाऱ्यांची बौद्धिक घसरण अधिक वेगाने झाली. नियोजन आणि निर्णय यांची क्षमता विशेष ढासळली. चौघांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही घटल्या.

म्हणजे औषध निकामी ठरले असे नव्हे. त्याने आपले काम केले आणि रुग्णाचे नुकसान झाले. पार्किन्सनच्या ३७२ रुग्णांवरील युरोपीय चाचणीतही २०२२ मध्ये हेच दिसले होते. तिथे कारण काहीसे समजण्याजोगे आहे, कारण मेंदूला डोपामाइन बनवण्यासाठी लोह लागते. अल्झायमरमध्ये साठलेल्या लोहाबरोबर कामाचे लोहही उपसले गेले, की साठा हा आजाराचे कारण नसून परिणामच आहे, याचा उलगडा व्हायचा आहे. मात्रा कमी ठेवून पुन्हा प्रयत्न करावा असे म्हणणारे आहेत. पण या दोन निकालांनंतर वृद्ध रुग्णांना पुन्हा पणाला लावण्यापूर्वी त्यांना बरेच काही सिद्ध करावे लागेल.

आपल्याकडे या वृत्ताचा भलताच अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा देशात ‘लोह मेंदूला घातक’ एवढेच ऐकून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करणे अनर्थकारक ठरेल.

डेफेरिप्रोन भारतात नवे नाही. अमेरिकेने त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या ‘सिप्ला’ने मात्र नव्वदच्या दशकातच ते ‘केल्फर’ या नावाने थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी आणले होते. वारंवार रक्त चढवल्याने त्यांच्या हृदयात व यकृतात खरोखरच अतिरिक्त लोह साचते. त्यांच्यासाठी हे औषध आजही पूर्वीइतकेच मोलाचे असून ताज्या निष्कर्षांमुळे ते थांबवण्याचे कारण नाही.