नदीकाठचा मुक्काम

घर बरोबर घेऊन प्रवासाला निघणे ही चैन की लाचारी, हे त्या घरात कोण बसले आहे यावर ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून साखर कारखान्यांच्या दिशेने निघालेल्या ऊसतोड्यांच्या गाड्यांत चूल असते, अंथरूण असते, पाण्याची घागर असते आणि बोचक्यांवर तान्हे मूल असते. नोकरीत असताना अशाच एका रस्त्यावरच्या शाखेत मी तीन वर्षे काढली. त्या गाड्यांना मोटरहोम म्हणावे, असे कुणाच्या मनात आले नव्हते. गेल्या ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मुलाने आमच्यासाठी जी गाडी भाड्याने घेतली, तिच्यातही मुख्य ऐवज चूल, अंथरूण आणि पाण्याची टाकी हाच होता. अनामत रकमेचा आकडा मात्र असा होता, की कर्जप्रकरण तपासावे तसा मी करारनामा दोनदा तपासला.

ऑक्टोबर म्हणजे तिकडचा ऐन वसंत. ख्राइस्टचर्च सोडून मॅकेंझी खोऱ्यात शिरलो की एकामागून एक तळी लागतात: टेकापो, पुकाकी आणि थोडे आडबाजूला ओहाऊ. हिमनद्या खडक दळत खाली उतरतात, ते दगडाचे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि ऊन पडले की पाणी दुधाळ निळे दिसते. ‘धुण्याच्या बादलीत नीळ जास्त पडली की असंच होतं,’ असे आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले. यापेक्षा नेमके वर्णन मला सुचलेले नाही. पुकाकीच्या पलीकडच्या टोकाला आओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर. काठच्या वाळुंजांना पोपटी पालवी फुटलेली, कुरणांतून नुकती जन्मलेली कोकरे. आणि वायव्येचा वारा! वसंतात तो असा सुटतो, की आमचे उंच घर रस्त्यावर डुलू लागे आणि मागच्या कपाटातले डबे आपसात बोलू लागत.

चाकांवरच्या घरात दोन दिवस काढले, की माणसाला पाण्याचा हिशेब कळू लागतो. स्वच्छ पाणी किती उरले, सांडपाण्याची टाकी किती भरली, शौचालयाची पेटी कधी रिकामी करायची, हा जमाखर्च रोज मांडावा लागतो. ही पेटी ठरावीक जागीच ओतायची असते. तिकडे तिला ‘डम्प स्टेशन’ म्हणतात. नदीकाठी वाटेल तिथे गाडी उभी करून झोपण्याची तिथली जुनी मोकळीक २०११ साली कायद्याच्या चौकटीत आली. २०२३ च्या दुरुस्तीने ही चौकट आणखी आवळली: स्वयंपूर्ण म्हणून प्रमाणपत्र हवे असेल, तर गाडीत शौचालय कायमचे बसवलेले पाहिजे, बाकाखाली ठेवलेले हलते भांडे चालत नाही. प्रवाशांत यावर कुरकुर पुष्कळ ऐकली. मला हा नियम रास्त वाटतो. तळ्याचे पाणी फुकट बघायला मिळते, एवढ्याने ते आपल्या मालकीचे होत नाही.

तरीही नदीकाठी कुणी थांबावे आणि कुणी उठावे, हा प्रश्न त्या खोऱ्यात शौचालयापेक्षा बराच जुना आहे.

ओमारामा हे आज मोटरहोमवाल्यांचे आवडते गाव. पंप, दुकान, गाड्या लावायला ऐसपैस तळ, डोक्यावरून घिरट्या घालणारी ग्लायडर्स. १८७७ साली न्गाई ताहू या माओरी जमातीचे शंभरावर लोक गाड्या, घोडी, कुत्री, बायकामुले घेऊन किनाऱ्याकडून इथे चालत आले. त्यांचा पुढारी ते माइहारोआ. त्यांचे म्हणणे साधे होते. १८४८ च्या खरेदीखताने सरकारने मोठा मुलूख घेतला खरा, पण बेटाचा हा आतला भाग आम्ही विकलेलाच नाही. आयुष्यभर दस्तऐवज चाळलेल्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. चतुःसीमा नीट न लिहिलेले खत किती पिढ्यांना पुरते, हे आपल्या कुठल्याही तालुका कचेरीत दिसेल. दोन वर्षे ती माणसे तिथे राहिली. जमीन भाडेपट्ट्याने मेंढपाळ मालकांकडे गेलेली होती आणि त्यांना हा शेजार नको होता. १८७९ च्या हिवाळ्यात सशस्त्र पोलीस आले आणि तळ उठवला. बर्फातून, म्हातारी माणसे वाटेत गमावत, ते सगळे वाईटाकी नदीच्या काठाने खाली समुद्राकडे गेले.

आम्ही गेलो तोही तोच रस्ता. हल्लीचा ८३ क्रमांकाचा महामार्ग. वाटेत बेनमोर, एव्हीमोर आणि वाईटाकी ही धरणे लागतात. १९६५ सालचे बेनमोर हे मातीचे प्रचंड धरण, त्यामागचे तळे पूर्णपणे माणसाने केलेले. कोयना, जायकवाडी पाहिलेल्या माणसाला तळ्याच्या तळाशी काय आहे हे विचारण्याची खोड असते. इथे माओरींनी कातळावर काढलेली चित्रे बुडाली आहेत. पाणी चढण्यापूर्वी काहींच्या नकला घेतल्या, काही कातळ कापून हलवले. जी वाचली, त्यांतली काही डंट्रूनजवळ ताकिरोआ इथे रस्त्यालगत बघता येतात. पायऱ्या चढायला दोन मिनिटे लागतात. पुढे निघून जाऊ नका.

त्याआधी कुरो लागते. एक रस्ता, चार दुकाने, असे गाव. इथले वाईटाकी धरण १९२८ साली सुरू झाले आणि मंदीच्या काळात मुख्यतः कुदळ-फावड्यांनी उभे राहिले. काम मिळेल या आशेने माणसे बायकामुलांसह येत आणि नदीकाठी तंबूत, झोपड्यांत राहत. गावचा डॉक्टर मॅकमिलन, धर्मोपदेशक नॉर्डमायर आणि हेडमास्तर डेव्हिडसन हे तिघे मित्र संध्याकाळी एकत्र बसून या माणसांच्या आजारपणाचे काय करायचे याचा खल करीत. त्यातून मजुरांच्या पगारातून दर आठवड्याला छोटी कपात आणि त्या बदल्यात औषधोपचार, अशी योजना उभी राहिली. १९३५ च्या निवडणुकीत डॉक्टर आणि धर्मोपदेशक दोघेही मजूर पक्षातर्फे संसदेत गेले. आणि १९३८ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने सबंध देशाला जे दिले, त्याची एक तालीम कुरोच्या त्या तळावर होऊन गेली होती. नॉर्डमायर पुढे अर्थमंत्रीही झाला. ज्या माणसांना हातात बिछाना घेऊन फिरावे लागत होते, त्यांच्यामुळे घरात झोपणाऱ्यांना दवाखाना मिळाला. आमच्याकडे ऊसतोडीच्या तळावर ही तिघांची संध्याकाळ कधी भरायची?

वर पुकाकीजवळचे ट्वायझेल हे १९६८ साली धरण-कालव्यांच्या कामगारांसाठी वसवलेले गाव. काम संपले की मोडायचे, असे ठरले होते. रहिवाशांनी १९८३ मध्ये ते मोडू दिले नाही. आज तिथे उत्तम पाव मिळतो.

न्गाई ताहूंचे पुढे काय झाले, हे मला प्रवासापेक्षा परत आल्यावर वाचून अधिक कळले. १९९८ साली सरकारने त्यांच्याशी समझोत्याचा कायदा केला. त्यात दक्षिण बेटावर तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठी ७२ जागा त्यांच्यासाठी राखल्या. त्यांना ‘नोहोआंगा’ म्हणतात. ‘नोहो’ म्हणजे बसणे, राहणे. तेव्हा ‘बसायची जागा’ म्हटले तरी चालेल. जागा साधारण हेक्टरभराची. मासे, मुळे, पाखरे गोळा करायला पूर्वज जसे ऋतूनुसार येत, तसे त्यांनी यावे, तंबू ठोकावा, राहावे. मुदत १६ ऑगस्ट ते ३० एप्रिल, आणि त्यात जास्तीत जास्त २१० दिवस. पक्के घर बांधायचे नाही. एका अफाट मुलखाच्या बदल्यात ही भरपाई पुरेशी नव्हे. समझोत्यात पैसा आणि इतर जमीनही होती, तीही पुरेशी नव्हती असे म्हणणारे आहेत. पण ज्यांचा तळ पोलिसांनी उठवला, त्यांना तळ टाकण्याचाच हक्क कायद्याने परत द्यावा, ही कल्पना कुण्या शहाण्या माणसाची आहे.

२०२३ च्या दुरुस्तीतही असेच एक कलम आहे. राहायला घर नाही म्हणून जो तिथला रहिवासी गाडीत झोपतो, त्याला हौशी मुक्कामी समजून त्याच्यावर या कायद्याचा बडगा उगारायचा नाही. बेनमोरच्या काठी आमच्या शेजारी एक जुनी व्हॅन उभी होती. आत एक साठीची बाई आणि एक मांजर. ती किती दिवसांच्या सुट्टीवर आहे, असे सौ.ने सहज विचारले. ‘सुट्टी नाही, मी इथेच राहते,’ एवढेच ती म्हणाली आणि तिने आम्हाला वाऱ्याच्या आडोशाची जागा दाखवली. रात्री आमच्याकडची थोडी खिचडी तिला नेऊन दिली. मांजराने तिला तोंड लावले नाही.

जाणार असाल, तर आपला इंग्रजीतला वाहन परवाना तिकडे दीड वर्षापर्यंत चालतो आणि गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने हाकायची असते. वारा जोराचा असेल त्या दिवशी निघू नका. ओमारामाला पेट्रोल भरा, आणि कुरोहून समुद्राकडे जाताना वाईटाकीच्या मुखापर्यंत जरूर जा. ओमारामाहून उठवलेली माणसे तिथेच येऊन थांबली होती. आम्ही पोचलो तेव्हा नदीला वितळलेल्या बर्फाचे गढूळ पाणी होते, आणि दोघे माओरी म्हातारे गोट्यांवर बसून मासे धरत होते.