आठ दिवसांची सेवा आणि मुलांचं उरलेलं वर्ष



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेहून फोन आला. नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा आता टेक्सासला नोकरी करतो. त्याची मुलगी सोळा वर्षांची आहे. म्हणाला, "बाई, आमच्या चर्चची मुलं सुट्टीत आठ दिवस होंडुरासला चालली आहेत. तिथल्या गरीब मुलांची सेवा करायला. मिशन ट्रिप म्हणतात इथं. हिलाही जायचंय. पाठवू का?"

मी पटकन म्हणणारच होते, "अरे, विचारतोस काय, पाठव की!" सेवा म्हटली की शिक्षकाच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण का कोण जाणे, "दोन दिवसांनी सांगते" असं म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांचे पंधरा झाले. त्या काळात जे वाचलं आणि त्यावरून माझं जे मत झालं, ते तुमच्यापुढे ठेवते. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपणही मुलांना सेवा शिकवतो, निबंधाला विषय देतो, भेटीला नेतो.

या सहलीत असतं काय?

अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया अशा देशांतल्या चर्चमधून तरुण मुलांचे गट एक-दोन आठवड्यांसाठी गरीब देशांत जातात. शाळेच्या भिंती रंगवतात, मुलांशी खेळतात, गाणी आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवतात, खाऊ आणि भेटवस्तू वाटतात. बऱ्याचदा एखाद्या अनाथाश्रमाची भेटही असते. जाण्यासाठी ही मुलं स्वतः पैसे जमवतात, केक विकतात, लोकांच्या गाड्या धुतात.

एक स्पष्ट सांगते, या मुलांच्या मनाबद्दल मला शंका नाही. सुट्टीत मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं. माझा प्रश्न वेगळा आहे. जाणाऱ्या मुलीला काय मिळतं, हे सगळे सांगतात. ज्या मुलांसाठी ती जाते, त्यांना काय मिळतं?

हैतीतली तेहतीस मुलं

१२ जानेवारी २०१० ला हैतीत मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. जगभरातून मदत निघाली. त्यात अमेरिकेतल्या दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवकांचा एक गट होता. २९ जानेवारीला हा गट ३३ मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत असताना सीमेवर अडवला गेला. योग्य कागदपत्रं नव्हती. मुलं अनाथ आहेत, त्यांना सुरक्षित जागी नेतोय, असं गटाचं म्हणणं होतं.

चौकशीत काय निघालं? बहुतेक मुलांचे आई-वडील जिवंत होते. घर पडलेलं, खायला नाही, आणि समोरून चांगली शाळा, चांगलं जेवण असं आश्वासन. आई-बापांनी आपल्या हातानं मुलं सोपवली होती. पुढे अपहरणाचे आरोप मागे घेतले गेले, आणि गटाच्या प्रमुख बाईंना बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून सोडण्यात आलं. बहुतेक मुलं आपापल्या घरी परत गेली.

मी त्या आयांचा विचार करत बसले. त्यांना मूल नकोसं नव्हतं. त्यांना मुलासाठी शाळा हवी होती. बसमध्ये ३३ मुलं नेण्याइतका पैसा आणि उत्साह होता, तर तो त्याच गावात, त्याच आयांजवळ का नाही पोचला?

आई-बाप असलेले 'अनाथ'

हैतीतला तो प्रसंग भूकंपानंतरच्या गोंधळातला होता, असं कोणी म्हणेल. मग कंबोडियाचं बघा. तिथं २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात ना युद्ध होतं ना मोठा दुष्काळ. आणि युनिसेफच्या पाहणीनुसार आश्रमातल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते.

मग आश्रम वाढले कशामुळे? परदेशी पाहुणे आणि देणग्या हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पाहुण्यांना अनाथ मुलं भेटायची होती, देणगी आश्रमाला मिळत होती, घराला नाही. म्हणून गरीब आई-बापांना सांगितलं गेलं, मूल आमच्याकडे ठेवा, शिकेल. सगळेच आश्रम असे नसतात, हे खरं. पण ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा मुलांना अशा प्रकारे अनाथाश्रमांत आणण्याच्या धंद्याचीही दखल घेतली गेली, यावरून गांभीर्य लक्षात यावं.

पैशाचं सोडा, मनाचं बघा. वर्षात चार वेळा वर्गशिक्षक बदललेला वर्ग तुम्ही पाहिला असेल. पाचव्या बाई येतात तेव्हा मुलं हुशार झालेली असतात. ती हसतात, पण जीव लावत नाहीत. इथं तर लहान मुलांना दर आठवड्याला नवी ताई कडेवर घेते, फोटो काढते, रडत निरोप घेते, आणि पुन्हा दिसत नाही. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल आपल्याला प्रेमळ वाटतं. कित्येकदा ते मूल कुणाचंच नसतं म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पडतं.

मग परदेशातून कुणी येऊच नये?

असं मी म्हणणार नाही. नगरमध्ये राहून तर मुळीच नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आली. मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे नगरला आली आणि १८६२ साली इथंच वारली. तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याकडे घेतल्याचं सांगितलं जातं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, ते लपवायचं कारण नाही. पण फरारबाई राहिल्या. मुलींची भाषा शिकल्या. आणि त्यांचं काम बघून इथल्याच माणसांनी पुढे त्याहून मोठं काम उभं केलं.

आजचंही एक उदाहरण देते. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेमार्फत परदेशातला माणूस एका मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा ठराविक पैसे देतो. मूल आई-वडिलांजवळच राहतं, काम स्थानिक चर्चमधली माणसं बघतात. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेली मुलं सरासरी एक वर्षाहून जास्त शाळा शिकली होती. ना विमान, ना कडेवरचा फोटो. फक्त दर महिन्याचं काम, वर्षानुवर्षं.

आणि होंडुरास? तिथं १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर परदेशी गटांनी घरं बांधली. कर्ट व्हेर बीक या ख्रिस्ती अभ्यासकानं हिशोब मांडला. विमानभाडं धरून एका गटाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर, आणि स्थानिक संस्थेला तसंच घर बांधायला सुमारे २ हजार. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरं, आणि गावातल्या गवंड्यांना रोजगार वेगळाच. हे टीकाकार बाहेरचे नाहीत, चर्चमधलेच आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

मी त्याला काय सांगितलं

शेवटी मी फोन केला. म्हटलं, "बाळा, हो-नाही मी सांगत नाही. लेकीला चार प्रश्न विचारायला सांग. कार्यक्रमात अनाथाश्रमाची भेट आहे का, आणि असेल तर त्या मुलांचे आई-बाप कुठे आहेत? ज्या भिंती तुम्ही रंगवणार, त्या रंगवायला गावात कुणी नाही का? तुम्ही नवव्या दिवशी निघाल्यावर त्या मुलांसोबत कोण असेल? आणि तुम्ही या, असं तिथल्या कुणी म्हटलंय, की तुम्हीच ठरवलंय?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, तिनं केक विकून पैसेसुद्धा जमवलेत हो."

मला वाईट वाटलं. पण पैसे जमवणारी मुलगी प्रश्नही विचारू शकते. उत्तरं चांगली आली तर तिनं जावं, शिकायला जातेय असं म्हणून जावं, स्पॅनिश शिकून जावं, आणि परत आल्यावर त्या गावाशी नातं ठेवावं. नाही आली, तर तेच पैसे तिथल्या एखाद्या शिक्षिकेच्या पगाराला द्यावेत. चर्चमध्ये तिनं हे प्रश्न विचारलेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय.

आणि आपण?

दुसऱ्याला सांगणं सोपं. काही वर्षांपूर्वी मीही माझा वर्ग एका बालगृहात नेला होता, एका विद्यार्थ्याचा वाढदिवस साजरा करायला. केक कापला. तिथल्या एका मुलाला मी विचारलं, "आवडला का रे?" तो म्हणाला, "आवडला. या आठवड्यातला तिसरा आहे." मग सहज म्हणाला, "माझी आई पण आहे. साखर कारखान्यावर असते." त्याला आईकडे जायला काय लागेल, हे मी त्याला विचारलं नाही. फोटो मात्र काढला. तो शाळेच्या फलकावर वर्षभर होता.

म्हणून आता निबंधाला 'मी केलेली समाजसेवा' असा विषय देताना मी खाली एक ओळ लिहिते: ज्याला मदत केली, त्याला काय हवं होतं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? मुलं आधी गोंधळतात, काही जण वही घेऊन परत त्या घरी जातात. पुढच्या भेटीआधी तुमच्या वर्गातही ही ओळ फळ्यावर लिहून बघा. घरी पालकांनीही लेकरांना हे विचारून बघावं.