वेळ : तो की ती?

आपल्या पुराणांत काळ बहुतेक पुरुषच. रेड्यावर बसून फास टाकणारा यम म्हणजे काळ, उज्जैनचा शिव महाकाल, गीतेच्या अकराव्या अध्यायात कृष्णही स्वतःला काळच म्हणवतो. बाईच्या रूपात आला की तो काली होतो, मुंडमाळा घातलेली, जीभ बाहेर काढलेली. तंत्रग्रंथांनी तर तिला काळालाही गिळणारी म्हटलं. तिची पूजा करायची, पण घरात मात्र सावित्री हवी! त्या सावित्रीनेही यमाकडून काय मागितलं? सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, स्वतःलाही शंभर पुत्रच, आणि नवऱ्याचं आयुष्य.

मला गंमत वाटते ती आपल्या रोजच्या मराठीची. काळ पुल्लिंगी, पण वेळ दोन्ही. मिळतो तो वेळ, होते ती वेळ. पाणी येण्याची वेळ, डब्याची वेळ, सासूबाईंच्या औषधाची वेळ, या सगळ्या 'ती' आपल्या वाट्याला. मोकळा वेळ 'तो', आणि तो बहुधा त्यांचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. न लावणारे या सरासरीत नाहीतच.

बैठकीला बाया उशिरा येतात, ही तक्रार आपल्यातच ऐकू येते. पुढची बैठक ठरवताना आधी विचारू या, वस्तीत नळाला पाणी कधी येतं?